इंग्लंडमधल्या चर्चच्या आवारातले मध्ययुगीन दगडी क्रूस : मोडलेल्या खांबांपाशीही थांबा

सातवीण

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात गावोगावची जुनी चर्च पाहत फिरणारे इथं बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. आपण चर्चमध्ये शिरतो, रंगीत काचा पाहतो, एखाद्या सरदाराची कोरीव कबर पाहतो आणि बाहेर पडतो. दक्षिणेच्या दाराकडे जाणाऱ्या वाटेलगत तीन-चार झिजक्या पायऱ्या आणि त्यांवर कमरेएवढा तुटका खांब असतो. त्याच्यापाशी फारसं कुणी थांबत नाही. थांबावं, एवढंच मला सांगायचंय. बहुतेक ठिकाणी तो त्या गावाच्या मध्ययुगीन क्रुसाचा उरलेला भाग असतो. त्या आवारात पुरलेल्या शेकडो माणसांची कित्येक शतकं तेवढीच एक खूण होती.

आज आवारात नावं कोरलेले जे उभे दगड दिसतात ते बहुतांशी सतराव्या शतकापासून पुढचे. त्याआधी शेतकरी, विणकर, मेंढपाळ आणि त्यांची बायकापोरं तशीच मातीत जायची. वर दगड नाही, नाव नाही, आणि काही वर्षांनी त्याच जागी दुसऱ्यासाठी पुन्हा खणलं जायचं. पैसेवाल्यांना चर्चच्या आत, जमलं तर वेदीजवळ जागा मिळायची. बाहेरच्या सगळ्यांसाठी मिळून हा एक क्रूस. मृतांसाठी प्रार्थना करायची ती त्याच्याकडे तोंड करून.

ढोबळमानाने या क्रुसांचे दोन काळ धरता येतात. पहिला सातव्या-आठव्या शतकापासून नॉर्मन लोक येईपर्यंतचा, म्हणजे १०६६ पर्यंतचा. तेव्हाचे क्रूस म्हणजे चारही बाजूंनी वेली, गाठी, पशुपक्षी आणि माणसं कोरलेले जाडजूड खांब. ते मुख्यतः उत्तरेत आणि मध्य इंग्लंडमध्ये आढळतात: बूकॅसल, गॉसफर्थ, अर्टन, ईम, व्हॉली. दुसरा काळ तेराव्या शतकापासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंतचा. हे क्रूस सडपातळ, पायऱ्यांवर चढवलेले. पश्चिमेच्या परगण्यांत, म्हणजे सॉमरसेट, ग्लॉस्टरशायर, हेरेफर्डशायरकडे ते फार दिसतात. धाग्यात दोन्ही येऊ द्या. मी मात्र दुसऱ्यांबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण पहिल्यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत.

जवळ जाऊन काय पाहायचं ते सांगते. खाली पायऱ्यांचा चौथरा, चौकोनी किंवा अष्टकोनी. वरच्या पायरीची कड कधीकधी थोडी पुढे आलेली असते आणि तिच्या खालून पन्हळ काढलेली असते, म्हणजे पावसाचं पाणी दगडावरून ओघळत न जाता खाली ठिबकतं. चौथऱ्यावर एक मोठा अखंड दगड आणि त्याच्या मधोमध खोल चौकोनी खाच. खांब त्या खाचेत उभा. खाचेत नीट बसावा म्हणून खांबाचं बूड चौकोनी ठेवलेलं असतं. वीतभर वर आलं की चारही कोपरे छाटून तो अष्टकोनी होतो आणि निमुळता होत वर जातो. चौकोनाचा अष्टकोन होतो तो सांधा बोटभर अंतरावरून पाहा. कुठे साधा तिरपा काप असतो, कुठे घडवणाऱ्याने सुबक उंचवटा ठेवलेला असतो. शेजारच्या दोन गावांतले सांधे सारखे दिसले तर घडवणारा हातही एकच असावा असा संशय घ्यायला जागा आहे. खाच आणि खांब यांच्यातल्या फटीत वितळलेलं शिसं ओतायचे. आजही कित्येक खांबांच्या बुडाशी करड्या शिशाची कड दिसते. तिथपर्यंतचं सगळं मूळचं आहे का, हे ठरवायला ती कड फार उपयोगी पडते.

वरचं शीर्ष मात्र जवळपास कुठेच उरलेलं नाही. मध्ययुगात असे उभे क्रूस इंग्लंडभर १२,००० हून जास्त होते असा अंदाज आहे (यात बाजारातले आणि रस्त्यांवरचेही आले). आज शीर्ष असलेले-नसलेले सगळे धरून २,००० पेक्षा कमी उरलेत. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, प्रॉटेस्टंटांनी मूर्तींना विरोध सुरू केला तेव्हा, त्यांच्यावर पहिला घाला पडला. दुसरा, जास्त पद्धतशीर घाला राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात पडला. ऑगस्ट १६४३ मध्ये पार्लमेंटनं हुकूम काढला की चर्चमधले, चर्चच्या आवारातले आणि उघड्या जागेवरचेही सगळे क्रूस आणि संतांच्या मूर्ती १ नोव्हेंबरपर्यंत काढून टाकाव्यात. मूर्ती असायच्या शीर्षावर. तेवढं उडवलं की काम झालं. खांब आणि पायऱ्या बऱ्याच ठिकाणी राहू दिल्या गेल्या, आणि पुढे त्याच खांबांवर गावाने सूर्यघड्याळं बसवली.

काही ठिकाणी कुणीतरी शीर्ष वाचवलं. सायरनसेस्टरजवळ अँप्नी क्रूसिस नावाचं गाव आहे. तिथल्या पंधराव्या शतकातल्या क्रुसाचं शीर्ष चर्चमधल्या जुन्या जिन्यात भिंत घालून लपवलेलं होतं. एकोणिसाव्या शतकात ते सापडलं आणि पुन्हा खांबावर चढवलं गेलं. एका बाजूला क्रुसावरचा ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला मारिया आणि बाळ, आणि अरुंद बाजूला चिलखत घातलेला एक योद्धा. लपवणारा कोण होता हे कुठेच नोंदलेलं नाही. त्यानं शिक्षेचा धोका पत्करून एक जड दगड जिन्यात नेला आणि त्यापुढे भिंत रचली, एवढं आपल्याला दिसतं. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

तुमच्या आसपासच्या क्रुसांबद्दल लिहा. शीर्ष नसलेलेही चालतील. किंबहुना तेच हवेत.

---

डोंगरधार

छान विषय, ताई. तुम्ही दुसऱ्या काळाबद्दल लिहिणार म्हणताय, तर पहिल्याबद्दल मी थोडं लिहितो. वायव्य इंग्लंडमध्ये, कंब्रियातल्या वॉस्डेलच्या डोंगरांत जायचं तर वाटेवर गॉसफर्थ लागतं. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात दहाव्या शतकातला क्रूस अजून उघड्यावर उभा आहे, डोक्यासकट. तांबड्या वालुकाश्माचा, जवळजवळ साडेचार मीटर उंच आणि इतका सडपातळ की हजार वर्षं वारा खाऊन तो उभा कसा राहिला याचंच नवल वाटतं. खालचा भाग गोल, झाडाच्या बुंध्यासारखा; वरचा चौकोनी.

आता कोरीवकाम. एका बाजूला क्रुसावर चढवलेला ख्रिस्त. हात पसरलेले, खाली भालेवाला आणि पायघोळ वस्त्रातली एक बाई. तिच्या केसांची आणि कपड्यांची धाटणी सरळसरळ नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग लोकांची. बाकीच्या बाजूंवर नॉर्स देवांच्या कथा आहेत. लोकीला बांधून ठेवलंय आणि त्याची बायको सिगीन वाडगं धरून सापाचं विष झेलतेय. दुसरीकडे विदार एका राक्षसी लांडग्याच्या जबड्यात पाय रोवून तो जबडा फाडतोय. जुन्या जगाचा अंत आणि नव्या जगाची सुरुवात एकाच खांबावर. त्या भागात स्थायिक झालेले नॉर्स लोक नुकते ख्रिस्ती होत होते. त्यांना ही गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगितली जात होती, असं मला तो पाहताना ठामपणे वाटलं.

ही दृश्यं ओळखण्याचं श्रेय गावातल्या एका डॉक्टरला जातं, चार्ल्स पार्कर. त्याचं पुस्तक १८९६ चं. दवाखाना सांभाळून माणसानं हे काम केलं!

---

सातवीण

@डोंगरधार, सुरेख लिहिलंत. ज्यांना कंब्रियापर्यंत जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी: गॉसफर्थच्या क्रुसाचा १८८२ मध्ये केलेला पूर्ण आकाराचा साचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उघड्यावरचा मूळ दगड झिजत चाललाय, त्यामुळे काही बारकावे साच्यात जास्त स्पष्ट दिसतात. आणि गॉसफर्थला गेलातच तर जवळच अर्टनचा क्रूसही पाहा. नवव्या शतकातला आहे, अखंड आहे, आणि बहुतेक वेळा तिथं तुमच्याशिवाय कुणी नसतं.

---

उमराळेकर

ताई, आमच्या वसईकडे चर्चपुढे आणि वाडीवाडीत क्रूस आहेत. ते पोर्तुगीज वळणाचे, चुनागच्चीचे, म्हणजे परंपरा वेगळी. पण झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार) चर्चच्या बाहेर झावळ्या आशीर्वादित करून मिरवणुकीनं आत जायची रीत आमच्याकडे आजही आहे. इंग्लंडमधल्या या क्रुसांचा त्या दिवसाशी काही संबंध होता का? आणि तिथं झावळ्या कुठून आणायचे?

---

सातवीण

@उमराळेकर, तुम्ही नेमकं मुद्द्यावर बोट ठेवलंत. उत्तर लांबेल.

संबंध फार जवळचा होता. या क्रुसांना त्या दिवसाचंच नाव पडलेलं होतं, पाम क्रॉस. पंधराव्या शतकातल्या मृत्युपत्रांमध्ये 'आवारात पाम क्रॉस उभारायला इतके पैसे' अशा देणग्या सापडतात, आणि 'मला पाम क्रॉसजवळ पुरा' अशा इच्छाही.

दक्षिण इंग्लंडमध्ये तेव्हा सॉल्सबरीची उपासनापद्धत चालायची. तिच्यानुसार झावळ्यांच्या रविवारी एक मिरवणूक चर्चमधून निघून आवाराला वळसा घालायची. दुसरी छोटी मिरवणूक पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली आशीर्वादित भाकर) आणि संतांचे अवशेष घेऊन वेगळ्या वाटेनं यायची. दोन्ही आवारात एकमेकींना भेटायच्या, आणि गावोगाव ही भेटीची जागा म्हणजे आपला क्रूस. तिथं शुभवर्तमान वाचलं जाई, सगळे गुडघे टेकत. मग मुलं उंच जागेवरून स्तोत्र म्हणत आणि खाली फुलं टाकत. येरूशलेमेत प्रवेश करणाऱ्या येशूचं स्वागत साऱ्या गावानं मिळून करायचं, तेही आपल्याच आजी-आजोबांना पुरलेल्या जमिनीवर उभं राहून. क्रूस हिरव्या फांद्यांनी सजवलेला असे.

झावळ्या तिथं मिळायच्या नाहीतच. त्यांच्याऐवजी यूच्या फांद्या, बॉक्सची हिरवी डहाळी किंवा विलोच्या रेशमी कळ्यांच्या काटक्या वापरत. विलोला नेमका त्याच सुमारास बहर येतो. चर्चच्या आवारात आज जे प्रचंड यू वृक्ष दिसतात, त्यांच्या फांद्या या दिवशी कामी येत.

१५४८ मध्ये सहाव्या एडवर्डच्या मंत्रिमंडळानं झावळ्या आशीर्वादित करण्यावर बंदी घातली. कॅथलिक मेरी राणीच्या काळात, १५५३ ते १५५८, ती रीत परतली आणि एलिझाबेथच्या काळात पुन्हा गेली. म्हणजे शीर्षं फोडली जाण्याच्या कितीतरी आधी या क्रुसांचं वर्षातलं सर्वांत मोठं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं होतं. मला वाटतं, पुढे ते फुटताना सगळीकडे मोठा विरोध झाला नाही, त्याचं एक कारण हे असावं. १६४३ पर्यंत ऐंशीहून जास्त वर्षं तिथं कुणी गुडघे टेकले नव्हते.

आणखी एक. हेरेफर्डशायरमध्ये खाचेच्या दगडात पुढच्या बाजूला छोटा कमानदार कोनाडा असलेले बरेच क्रूस आहेत. याच मिरवणुकीत साक्रामेंताचं पात्र ठेवायला तो असावा, असा एक तर्क आहे. आल्फ्रेड वॉटकिन्सनं या परगण्यातल्या क्रुसांवर १९३० मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचाही या कोनाड्यांवर फार जीव होता. तुम्ही त्या बाजूला गेलात तर कोनाडा कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते आवर्जून पाहा.

---

उमराळेकर

मनापासून आभार, ताई. हे उत्तर आमच्या फादरांना वाचून दाखवणार.

---

नीलफुलारी

वाचतेय, अजून येऊ द्या. एक शंका: लंडनमधलं चेरिंग क्रॉस यातलंच का? आणि बाजारातल्या क्रुसांचा या आवारातल्यांशी काय संबंध?

---

डोंगरधार

@नीलफुलारी, चेरिंग क्रॉस वेगळ्या माळेतला. राणी एलेनॉर १२९० मध्ये वारली. तिचं शव लंडनला आणताना जिथं जिथं रात्रीचा मुक्काम झाला तिथं पहिल्या एडवर्ड राजानं क्रूस उभारले, एकूण १२. त्यातले गेडिंग्टन, हार्डिंगस्टोन आणि वॉल्थम असे तीनच उरलेत. चेरिंग क्रॉसचा मूळचा १६४७ मध्ये पाडला. स्टेशनपुढे आज दिसतो तो १८६५ चा.

बाजारातल्यांबद्दल: पूर्वी जत्रा आणि बाजार खुद्द चर्चच्या आवारातच भरायचे, क्रुसाच्या आजूबाजूला. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्यानं त्यावर बंदी आणली आणि बाजार बाहेर सरकले.

---

टाकीचे_घाव

मी जुन्या दगडी बांधकामांच्या डागडुजीत काम करतो, पुण्यात शिकलो, आता इंग्लंडात आहे. धागा आवडला. एक मुद्दा मात्र परखडपणे मांडतो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात आणि नंतर पहिल्या महायुद्धानंतर शेकडो जुन्या खांबांवर नवी शीर्षं बसवली गेली. युद्धात मेलेल्या गावच्या पोरांची नावं जुन्या चौथऱ्यावर कोरली आणि वर नवाकोरा क्रूस चढवला. भावना समजते. पण १६४३ ची जखम हीसुद्धा त्या दगडाच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि नवं शीर्ष तो भाग झाकून टाकतं. शिवाय पुष्कळ ठिकाणी नवा दगड जुन्यापेक्षा कठीण निवडला, सांध्यात सिमेंट भरलं. सिमेंट पाणी अडवतं, बर्फ पडला की अडकलेलं पाणी गोठून फुगतं आणि फुटतो तो मऊ जुना दगड. चुन्याचा सांधा स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवतो. विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती अशाच 'सुधारणां'च्या विरोधात. तुटलेला खांब तुटलेलाच राहू द्यावा, असं माझं मत आहे.

---

सातवीण

@टाकीचे_घाव, सिमेंटबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याशी मात्र नाही.

हा क्रूस मुळात कशासाठी होता? ज्यांच्या नावाचा दगड नाही अशा सगळ्यांची एकत्र आठवण म्हणून. १९१८ नंतर गावातली पोरं फ्रान्सच्या चिखलात राहिली, त्यांची शवं घरी आली नाहीत. तेव्हा गावानं त्यांची नावं लिहायला हीच जागा निवडली. मूळ कामाकडे इतक्या जवळून परतलेली दुसरी वास्तू मला ठाऊक नाही. जिथं नवं शीर्ष आहे तिथं ते जुन्याहून वेगळं ओळखू यावं एवढी अट मी घालीन. टाकीच्या खुणांवरून आणि सांध्यावरून ते बहुधा येतंच.

तुटलेल्याचा मान राखावा हे मात्र अगदी पटतं. जिथं आज नुसता खाचेचा दगड उरलाय आणि त्यात पावसाचं पाणी साठतं, तिथं नवं काही उभं करायची गरज नाही.

---

टाकीचे_घाव

तुमचं युद्धस्मारकाबद्दलचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. तरी माझी पसंती सॉमर्सबीला. लिंकनशायरमधलं हे गाव कवी टेनिसनचं जन्मगाव. त्याचे वडील तिथले धर्मगुरू होते. सेंट मार्गारेट चर्चच्या आवारातला पंधराव्या शतकातला क्रूस शीर्षासकट शाबूत आहे. एका बाजूला क्रुसावरचा ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला मारिया आणि बाळ, वर छोटंसं छप्पर. अष्टकोनी खांब वरपर्यंत कसा निमुळता होत जातो आणि शीर्षाला खालून कसा तोलून धरतो, हे एकदा तिथं पाहिलं की नंतर कुठलाही तुटका खांब मनातल्या मनात पुरा करता येतो. म्हणून आधी सॉमर्सबी पाहावं आणि मग बाकीचे.

---

पुनवडी

युद्धस्मारकांचा विषय निघालाच आहे तर पुणेकरांसाठी. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जो उंच पांढरा क्रूस आहे, ज्याच्या अंगावर खाली टोक केलेली ब्राँझची तलवार बसवलीय, तो रेजिनाल्ड ब्लूमफील्डनं १९१८ मध्ये आखलेला नमुना. जगभरच्या बऱ्याच राष्ट्रकुल युद्ध स्मशानभूमींमध्ये हाच आहे. त्याचा अष्टकोनी निमुळता खांब आणि पायऱ्यांचा चौथरा पाहिलात तर सातवीणताईंनी वर जे वर्णन केलंय तेच डोळ्यांपुढे येईल. इंग्रजी गावच्या क्रुसाची घडण घेऊनच तो बेतलेला आहे. फरक तलवारीचा.

---

नीलफुलारी

पुनवडी, हे माहीतच नव्हतं. लहानपणापासून त्या रस्त्यानं जातेय. आता नीट पाहीन.

सातवीणताई, अजून एक विचारते. आधी क्रूस की आधी चर्च? कुठेतरी वाचलं होतं की जिथं पहिल्या धर्मप्रचारकांनी प्रवचन केलं तिथं क्रूस रोवला आणि मग चर्च बांधलं.

---

सातवीण

@नीलफुलारी, हे प्रत्येक जुन्या क्रुसाबद्दल सांगितलं जातं, पण सरसकट धरू नये. बऱ्याच ठिकाणी क्रूस उभारला तेव्हा जवळ मठ किंवा चर्च होतंच. हेक्सहॅमचा बिशप अक्का ७४० मध्ये वारला, तर त्याच्या कबरीच्या उशाशी आणि पायथ्याशी असे दोन क्रूस उभे केले होते, म्हणजे तिथं ते थडग्याची खूण होते.

तरी तुमच्या प्रश्नाला एक जुना आधार आहे आणि तो मला फार आवडतो. विलिबाल्ड नावाच्या संताचं चरित्र आठव्या शतकात एका इंग्रज जोगिणीनं लिहिलं. त्यात ती सांगते की सॅक्सन लोकांमध्ये मोठ्या जमीनदारांच्या वाड्यावर चर्च नसलं तरी उंच जागी एक क्रूस उभा असतो आणि रोजची प्रार्थना त्याच्यापुढे होते. विलिबाल्ड तीन वर्षांचा असताना फार आजारी पडला, वाचेल असं वाटेना. आईबापांनी त्याला नेऊन अशाच क्रुसाच्या पायाशी ठेवलं आणि नवस बोलले, की पोरगं वाचलं तर देवाच्या सेवेला देऊ. पोरगं वाचलं आणि पुढे जर्मनीत बिशप झालं. सातशे सालाच्या आसपासच्या घरगुती श्रद्धेचं इतकं जवळून दर्शन दुसरीकडे क्वचितच होतं. म्हणजे चर्चशिवायचे क्रूस नक्की होते. पण आज आपण ज्या क्रुसापुढे उभे आहोत तो त्यातला आहे का, हे दगड पाहून प्रत्येक वेळी ठरवावं लागतं.

आणि बूकॅसलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात मीच. कार्लाइलच्या ईशान्येला, हेड्रियनच्या भिंतीच्याही पलीकडे, एका रोमन किल्ल्याच्या जागेत छोटं चर्च आहे आणि त्याच्या आवारात साडेचार मीटरच्या आसपास उंच खांब. शीर्ष गेलेलं आहे. त्याचा एक तुकडा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांकडे लंडनला पाठवला गेला आणि नंतर हरवला. पश्चिमेच्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान, मधे ख्रिस्त, खाली हातावर पक्षी घेतलेला माणूस. मधल्या जागेत रून लिपीतला लेख, जो आता जेमतेम वाचता येतो. दक्षिणेच्या बाजूला वेलबुट्टीत कोरलेलं सूर्यघड्याळ आहे. इंग्लंडमध्ये टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या सूर्यघड्याळांत ते मोजतात. तास मोजायचे ते प्रार्थनेच्या वेळांसाठी.

---

शेवाळवाट

सगळ्यांना एक विनंती. कोरीवकाम नीट दिसावं म्हणून लोक दगडावर खडू फिरवतात, फेस लावतात, ब्रशनं घासतात. कृपया करू नका. दगडावरचं दगडफूल काही ठिकाणी शेकडो वर्षांचं असतं आणि इंग्लंडमध्ये चर्चची आवारं ही दगडफुलांची फार मोठी आश्रयस्थानं आहेत. कितीतरी जाती मुख्यतः तिथंच तगून आहेत. घासलं की दगडफूल तर जातंच, खालच्या वालुकाश्माचा पापुद्राही निघतो.

झिजलेली आकृती पाहायची असेल तर उन्हं कलती असताना जा, किंवा ढगाळ दिवशी बॅटरी दगडाला अगदी समांतर धरा. एका कुशीनं उजेड पडला की जे समोरून सपाट वाटत होतं तिथं बोटं, पंख, वेलीचे फाटे दिसायला लागतात. मोबाइलवर अनेक बाजूंनी फोटो काढून त्रिमिती प्रतिकृतीही करता येते आणि दगडाला हात लावावा लागत नाही.

---

डोंगरधार

+१. कॉर्नवॉलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून दोन ओळी. तिथले क्रूस ग्रॅनाइटचे. मायलर गावचा क्रूस १८७० मध्ये चर्चच्या दुरुस्तीत सापडला. भिंतीला आधार म्हणून तो टेकू केलेला होता! जमिनीखालचा भाग धरून पाच मीटरहून लांब. कार्डिनॅमचा १८७२ मध्ये चर्चच्या भिंतीतून निघाला. तोडणाऱ्यांनी आणि बांधणाऱ्यांनी मिळून किती क्रूस भिंतींत घातले असतील!

---

नीलफुलारी

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही डर्बीशायरला जातोय, घरची मंडळी भारतातून येणार आहेत. तिथं कुठला पाहावा? आणि आमच्या इथल्या चर्चच्या आवारात क्रुसाचा खाचेचा दगड एका बाजूला कललाय, खाली मातीत भोक पडलंय. असं दिसलं तर कुणाला सांगायचं?

---

सातवीण

@नीलफुलारी, डर्बीशायरला ईम गाठा. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये गावानं स्वतःला कोंडून घेतलं, तेच हे गाव. सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आठव्या-नवव्या शतकातला क्रूस आहे. खांबाचा मधला तुकडा गहाळ आहे, त्यामुळे शीर्ष खांबाच्या मानानं मोठं दिसतं. शीर्षावर देवदूत कोरलेत. तिथल्या धर्मगुरूची बायको कॅथरिन मॉम्पेसन ऑगस्ट १६६६ मध्ये प्लेगनं गेली, तिची कबर जवळच आहे. बेकवेलच्या चर्चमध्येही जुन्या कोरीव दगडांचा मोठा साठा आहे, तो त्याच फेरीत होईल. घरच्यांना चढ झेपत असेल तर दोन्ही एका दिवसात निवांत होतात.

कललेल्या दगडाबद्दल: आधी चर्चच्या वॉर्डनला सांगा. त्यांचं नाव आणि फोन बहुतेक दारातल्या फलकावर असतो. भोक सशांनी किंवा बिजूनी केलेलं असू शकतं, पाऊस मुरूनही होतं. दगड स्वतः सरळ करायला जाऊ नका, कुणाला करूही देऊ नका. यातले पुष्कळ क्रूस १९७९ च्या कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना हात लावायला सरकारी परवानगी लागते, आणि आवारातल्या कुठल्याही कामाला धर्मप्रांताचीही परवानगी लागते. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत गावाचं नाव टाकून पाहा; क्रुसाची स्वतंत्र नोंद सापडली तर तिचा क्रमांक वॉर्डनला कळवा, म्हणजे त्यांचं काम लवकर होईल. सगळ्या बाजूंनी फोटो काढून तारीख लिहून ठेवा. पुढच्या पावसाळी महिन्यांनंतर परत काढा. दगड आणखी सरकतोय की आहे तिथंच आहे, हे त्यावरून कळेल आणि दुरुस्ती किती तातडीची आहे हे ठरवायला त्यांनाही मदत होईल. इथं टाकलेत तर @टाकीचे_घाव पाहून सांगतीलच.

---

टाकीचे_घाव

नक्की. फोटोत मोजपट्टी ठेवा, आणि खाचेच्या आतली बाजू दिसेल असा एक घ्या. शिशाची कड उरली असेल तर तिचा वेगळा, जवळून.